मामाच्या घरी जागा आहे

आमच्या घरात रोज भर दुपारी रात्र होते. पावणेबाराच्या आत माझा भाचा उठतो, खोलीची खिडकी लावतो, जाड पडदे ओढतो, कडेच्या फटीतून ऊन येतं तिथे उशी टेकवतो आणि टेबललँप लावून फोनसमोर बसतो. ऑस्ट्रेलियात तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजलेले असतात आणि त्याची सहा वर्षांची मुलगी दात घासून अंथरुणात शिरलेली असते. तो तिला गोष्ट वाचून दाखवतो, हळू आवाजात, मध्ये मध्ये जांभया देत. जांभया खोट्या असतात. खाली बहारीनमधल्या आमच्या उम्म अल हस्सम वस्तीचा रस्ता तापून पांढरा पडलेला, कॅफेटेरियात जेवणाऱ्यांची गर्दी, आणि इथे आत हा कुजबुजत असतो, "गुड नाइट, स्लीप टाइट."

मुलीला सांगितलंय की पपा लांबच्या गावी कामाला गेलाय. लांबच्या, पण त्याच देशातल्या. म्हणून तिच्याकडे अंधार पडला की याच्याकडेही पडायला हवा. एकदा खिडकी नीट लागली नव्हती आणि मध्येच दुपारची, जोहरची अजान सुरू झाली. मुलगी उठून बसली. "पपा, हू इज सिंगिंग?" हा म्हणाला, "नेबर्स." मी दारात उभा होतो. खोलीत रात्र, माझ्या पाठीमागे हॉलमध्ये लख्ख दुपार, आणि मी उंबऱ्यावर. खोटं कशाला बोलू, मला आता त्या खोलीत जायची भीती वाटते.

हे सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तिकडचा, ऑस्ट्रेलियाचा मिनिस्टर केवढा माणूस, त्याला माझ्यासारख्या टायपिस्टाची काय गरज! पण त्याच्या कागदात माझं वाक्य आहे, हेही तितकंच खरं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. इथे मनामा शहरात एका गल्लीत माझं टायपिंगचं लहानसं दुकान आहे. तीस वर्षं झाली. व्हिसाचे फॉर्म, रेसिडेंट कार्डाचे फॉर्म, आणि मुख्य म्हणजे अर्ज. ड्रायव्हर येतात, शिंपी येतात, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायका येतात. समोर बसतात, रडतात. मी म्हणतो, "रोना बाद में, पहले नाम बताओ." मग लिहितो. माझ्या अर्जाला यश येतं अशी ख्याती आहे, आणि ती मी फुकट मिळवलेली नाही. अर्ज कसा लिहावा हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं. आधी साहेबाचा मोठेपणा. मग चूक आमचीच, सगळी आमची. मग निर्णय साहेबाच्या हातात. आणि शेवटी ते वाक्य, ज्याने दगडालाही पाझर फुटतो: आपण जा म्हणालात तर तक्रार न करता निमूट जाऊ. उस्ताद म्हणायचा, निमूट जाऊ म्हणणाऱ्याला कुणी घालवत नाही, भांडणाऱ्यालाच घालवतात. आम्ही आखातातली माणसं. इथे राहणं म्हणजे पाहुणचार आहे, हे आमच्या हाडात मुरलेलं. पाहुण्याने यजमानाशी हुज्जत घालायची नसते.

माझी धाकटी बहीण नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा हा भाचा दोन वर्षांचा होता. तिथेच वाढला, तिथलंच बोलतो, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. नागरिकत्व मात्र घेतलं नाही. बाप म्हणायचा, घेऊ पुढे, घाई काय आहे. बाप वारला, घेणं राहिलं. पुढे भाच्याने लग्न केलं, मुलगी झाली. आणि एका रात्री दारूच्या दुकानाबाहेर त्याने एका माणसाला मारलं. जबडा मोडला त्या माणसाचा. चूक भाच्याचीच, मी त्यात काही बोलणार नाही. दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि मग कळलं की तिथे वर्षभराची किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की परदेशी माणसाचा व्हिसा आपोआप रद्द होतो. आपोआप! कुणी बसून ठरवत नाही. मग तुम्ही अर्ज करायचा की मला राहू द्या.

अर्ज म्हटल्यावर बहिणीने कुणाला फोन करावा? मलाच. "भाई, तू लिही. तुझ्या हाताला बरकत आहे."

लिहिलं. दोन पानं. माझ्या आयुष्यात इतका सुंदर अर्ज मी लिहिला नव्हता. भाच्याची वकीलबाई होती तिकडची, तिला पाठवला. तिचा फोन आला. आवाज गोड, पण म्हणाली काय, तर हे देऊ नका. त्याऐवजी असं लिहा की तुमच्याकडे त्याला ठेवून घेता येणार नाही, बाहेरच्या जगात त्याला थारा नाही, मुलीपासून तोडलं तर दोघांचं वाटोळं होईल.

माझं डोकंच फिरलं. "बाई," मी म्हटलं, "तुम्ही मला सांगताय की सख्ख्या बहिणीच्या मुलाला माझ्या घरात जागा नाही असं मी सही करून लिहू? मामा आहे मी त्याचा! चार लोकांत नाक कापून घेऊ?" ती समजावत राहिली. त्या देशाने मुलांच्या हक्कांच्या जागतिक करारावर सही केलेली आहे, म्हणून मुलीच्या हितावरच सगळा जोर द्यायचा, असं काहीबाही. मी म्हटलं, "झालं तर मग! सही केलीय ना? मग तुमचा देश सही पाळेलच की."

ती म्हणाली की करार वाचायचा असतो, त्याचं वजन करायचं असतं, आणि दुसरं पारडं जड वाटलं तर त्याच्या उलट निर्णयही घेता येतो. मी आयुष्यभर सही-शिक्क्यावर पोट भरलेला माणूस. सही केलेला कागद वजन करून बाजूला ठेवता येतो, हे मला तेव्हा पटलं नाही. वाटलं, बाईला तिचं काम येत नाही.

आणि मी काय केलं, तर तो अर्ज सरकारी पत्त्यावर स्वतःच पाठवून दिला. माझ्या दुकानाच्या शिक्क्यासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यात एक परिच्छेद होता. त्याच्या मामाच्या घरी त्याला कायम जागा आहे. स्वतंत्र खोली तयार आहे. मी त्याला इथे काम मिळवून देऊ शकतो. आणि मिनिस्टर साहेबांचा निर्णय कोणताही असो, आमचं कुटुंब तो तक्रार न करता, कृतज्ञतेने स्वीकारेल.

आता अर्जात खोटं लिहायचं नाही हाही माझा नेम. खोली तयार आहे असं लिहिलं, म्हणजे ती असायला हवी. माझ्या मुली इथल्याच ईसा टाउनच्या शाळेत शिकल्या, लग्न करून गेल्या, त्यांची खोली बंदच होती. मी ती उघडली, रंग दिला, नवी खाट आणली, चादर घातली, जाड पडदे लावले. हो, तेच पडदे. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "रिकामा पाळणा हलवत नाहीत. तसं जो येणार नाही त्याचं अंथरूण घालत नाहीत. उचला ते."

मी म्हटलं, "अगं, कागदाला पुरावा लागतो."

"पुरावा कसला? बोलावणं आहे हे," ती म्हणाली आणि निघून गेली. पुढचे कित्येक महिने ती त्या खोलीत झाडू मारायलाही गेली नाही. मी जायचो. दर शुक्रवारी चादर झटकायचो. बहारीनची धूळ, बंद खिडकीतूनही येते. पण उशीच्या मधोमध, डोकं टेकायच्या जागी, ती कधी बसायची नाही. एसीची हवा तिथे पडत असेल. मी तेव्हा तसंच समजलो.

सरकारने आधी नाही म्हटलं. मग प्रकरण ट्रायब्युनलपुढे, म्हणजे तिथल्या अपिलाच्या कोर्टापुढे गेलं आणि तिथे भाचा जिंकला! ट्रायब्युनलच्या बाईंनी मुलीचं हित पाहिलं, त्याचा पश्चात्ताप पाहिला, व्हिसा परत दिला. बहिणीने फोनवर जे रडायला सुरुवात केली ते थांबेना. मी दुकानात पेढे वाटले. बायकोला म्हटलं, "बघितलंस? माझा अर्ज!" ती म्हणाली, "मग आता खाट उचला." मी हसलो. उचलली नाही. कशाला नाही उचलली, अल्ला जाणे.

पुढे अडीच महिने सगळं ठीक होतं. भाचा घरी आला, इलेक्ट्रिशियनच्या कामाला लागला, मुलीला शाळेत सोडायला जाऊ लागला. एका रविवारी त्याने मला व्हिडिओ कॉल केला. मुलीचा पुढचा दात पडला होता, तो तिने कॅमेऱ्याला चिकटवून दाखवला. मागे तो सिंकपाशी भांडी घासत होता. मी विचारलं, "काय रे, सगळं ओके?" तो म्हणाला, "ऑल गुड, मामा." कॉल मध्येच अडकला. त्याचा चेहरा पडद्यावर तसाच थांबला, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं, आणि मुलीचा आवाज मात्र येत राहिला. ती त्याच्याशी बोलत होती, तो हलत नव्हता. मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी सातला त्याच्या दारावर सरकारी माणसं आली. आमच्याकडे तेव्हा आदल्या रात्रीचे बारा वाजायचे होते. हे मला नेहमी खातं. तो आमच्यापुढे सात तास. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि आम्ही अजून कालच्यात असतो, मजेत.

मिनिस्टरने स्वतः व्हिसा रद्द केला होता. वकीलबाईने मग सांगितलं, हे असं होऊ शकतं म्हणून. ट्रायब्युनलने दिलेलं मिनिस्टर देशहिताचं कारण देऊन स्वतःच्या अधिकारात काढून घेऊ शकतो. आधी कळवायला नको, तुमची बाजू ऐकायला नको. मी म्हणेन ती पूर्व दिशा! आणि ज्याच्यावर कोसळतं त्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण ते नव्हे. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. निर्णयाच्या कागदावर जी तारीख होती, ती माणसं आली त्याच्या नऊ दिवस आधीची. मी वकीलबाईला विचारलं, मग नऊ दिवस तो कोण होता? ती म्हणाली, कायद्याने सही झाली त्या क्षणी व्हिसा गेला. कळवणं नंतर होतं.

म्हणजे नऊ दिवस तो तिथे नव्हता. मुलीला शाळेत सोडत होता तेव्हा नव्हता. भांडी घासत होता तेव्हा नव्हता. "ऑल गुड, मामा" म्हणाला तो कोण होता मग? मी कॅलेंडर घेऊन बसलो, बोटं मोजली, पुन्हा मोजली. दात पडला तो पाचवा दिवस. तो थांबलेला चेहरा मला अजून दिसतो. फोनच्या पडद्याला आधी कळलं होतं आणि मला नंतर, असं वाटतं, आणि मग स्वतःचाच राग येतो. म्हातारा झालास, भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागलास!

कारणांचा कागद बहिणीने मला पाठवला. तिला इंग्रजी फार येत नाही, मीच वाचून सांगावं म्हणून. वीसेक पानं. सुरुवातीला सगळं मान्य होतं. मुलीचं हित वडील जवळ असण्यातच आहे, हे मान्य. तिला खोल दुःख होईल, हे मान्य. जागतिक करार आहे, त्याचीही दखल. मला तर वाचताना वाटायला लागलं की आता हा माणूस राहू देतो म्हणणार. आणि मग चौदाव्या पानावर मी होतो. बहारीनमधल्या मामाने लिहून दिलं आहे की त्याच्या घरी कायम जागा आहे, खोली तयार आहे, काम मिळेल, आणि कुटुंब निर्णय तक्रारीशिवाय स्वीकारेल. यामुळे देश सोडावा लागल्यास होणाऱ्या हालांना आपण कमी वजन देत आहोत, असं पुढे लिहिलं होतं. खाली सही.

माझीच वाक्यं. माझा स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. बहिणीचा फोन आला, "काय लिहिलंय, भाई?" मी म्हटलं, "कायद्याचं आहे सगळं. आपल्याला कळण्यासारखं नाही." तीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी हे वाक्य कधी सांगितलं नव्हतं. तिला आजही माहीत नाही.

भाच्याला मुंबईला आणून सोडलं. ज्या देशातून दोन वर्षांचा असताना निघाला तिथे, एका बॅगेनिशी. त्याची बायको तिकडेच जन्मलेली, तिची आई अंथरुणाला खिळलेली. ती येऊ शकत नव्हती. मी जाऊन त्याला घेऊन आलो. व्हिजिट व्हिसाचा फॉर्म माझ्याच दुकानात, माझ्याच हाताने भरला. घरी पोचलो तेव्हा बायकोने त्याच्यासाठी सांदणं केली होती. त्याने दोन खाल्ली, "थँक्स, मामी" म्हणाला आणि, मी काही दाखवायच्या आत, सरळ त्या खोलीत गेला. हॉलमधून तीन दारं दिसतात. त्याने कुठलं ते विचारलं नाही. आडवा झाला तेव्हा डोकं उशीच्या मधोमध टेकलं. बायको माझ्याकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

तो कागद त्यानेही वाचला असणार, हे मला ठाऊक होतं. त्याच्याच हातात दिलेला. पण तो कधी बोलला नाही. जेवायला हाक मारली की येई, "यल्ला मामा, लेट्स ईट" म्हणे. मी वाट बघत होतो की एकदा तरी ओरडेल, ताट भिरकावेल. ओरडला असता तर मी पाय धरले असते त्याचे. पण नाही. रोज पावणेबाराला पडदे, रोज खोट्या जांभया. दुकानात अर्ज लिहिताना मी शेवटच्या वाक्याआधीच थांबायला लागलो. गिऱ्हाइकं म्हणायची, "चाचा, वो आख़िरी लाइन डालो ना, आपवाली." मी टाकेना.

मग वकीलबाईचा निरोप आला. एकच वाट उरली आहे. ज्याने दार बंद केलं त्याच्याच दारात जायचं: मिनिस्टरने मनात आणलं तर स्वतःच्या अधिकारात नवा व्हिसा देता येतो. बांधील मात्र नाही. उत्तर द्यायलाही नाही. अर्जासोबत कुटुंबाची पत्रं हवीत. मामाचंही.

शुक्रवारची सकाळ होती. मी घरीच लॅपटॉप उघडून बसलो. भाचा मागे खुर्ची ओढून बसला. सवयीने माझी बोटं चालू झाली: अत्यंत आदरपूर्वक, आपल्या थोर औदार्याला स्मरून... सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मागून त्याचा आवाज आला, अगदी हळू, मुलीला गोष्ट सांगतो त्या आवाजात.

"मामा, धिस टाइम, डोन्ट बी पोलाइट."

मी वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही. जे लिहिलं होतं ते पुसलं. कोरा कागद बराच वेळ समोर होता. स्वयंपाकघरातून बायको विचारत होती, त्याला मासळीचं कालवण चालेल ना, तिखट कमी घातलंय. मग मी एकेक शब्द लिहिला. माझ्या घरी त्याला जागा नाही. मी त्याला ठेवून घेऊ शकत नाही. माझं घर त्याचं घर नाही आणि कधी होणार नाही. त्याला इथे कुणी नाही.

प्रिंट काढली. त्याने ती हातात घेऊन सावकाश वाचली, शेवटपर्यंत. खिशातून पेन काढून मला दिलं. मी सही केली. माझ्या आयुष्यातली एवढी वाकडी सही दुसरी नसेल.

ते पत्र गेलं त्याला आता तीन महिने झाले. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे निर्णय झाला नाही, असं मी आता समजत नाही. सही कधीच झालेली असेल, होकाराची नाहीतर नकाराची, आणि आम्ही इथे आपले मजेत जेवत असू. दारावर कुणी टकटक केली की मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागतो.

पण मला आठवत राहते ती सकाळच. सहीचा कागद त्याने नीट घडी करून पाकिटात घातला. घड्याळात बघितलं. उठला, खोलीत गेला, पडद्याला हात घातला आणि अर्धवट ओढून थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "थँक यू, मामा."

तो इथे आल्यापासून त्याने माझे आभार मानले, ते तेवढे एकदाच.